पैलवानांची वेणी

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, परभणी जिल्ह्यात, पालमच्या अलीकडे एस.टी. जिथे नुसता हात दाखवल्यावर थांबायची अशा एका गावच्या शाळेत, नववीच्या संपूर्ण वर्गाला एकाच दिवशी, एकाच तासात, अक्षरशः एकसारखं दुःख झालं. मुलींना झालं, मुलांना झालं. पहिल्या तासाला झोपून शेवटच्या घंटेला उठणाऱ्या एका मुलाला झोप लागेनाशी झाली. आणि तालमीत जाणारे, डोकं तासून घेतलेले तीन पैलवान आपली वेणी सैल पडते म्हणून खिन्न झाले. हे त्यांनी लेखी दिलं. मी त्या वर्गाचा वर्गशिक्षक होतो. वाचकांनी हसू नये असं मी म्हणणार नाही. मीही हसलो होतो, आणि सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो होतो.

तेव्हा मी पंचविशीत होतो. विद्यापीठाच्या नावाचा वाद एकदा पेटून गेला होता आणि पुन्हा पुन्हा धुमसत होता. नामांतर व्हायला अजून बरीच वर्षं होती. मोर्चा निघाला की एस.टी. बंद, एस.टी. बंद की निम्मे शिक्षक गैरहजर, आणि मग गावातच राहणारा मी एकटा दोन-तीन वर्गांना मिळून एकच काहीतरी शिकवायचो. खरं तर शिकवायचो कमी, नकला जास्त करायचो. मला नकला फार छान येत, हे मी नम्रपणे सांगतो. आमच्या हेडमास्तरांची नक्कल तर अशी की, एकदा ते वर्गाच्या दारापर्यंत आले, आतून स्वतःचाच आवाज ऐकला आणि आपण आधीच आत आहोत अशा समजुतीनं परत गेले.

हेडमास्तर निवृत्तीला आलेले. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात शाळेची इज्जत असायची, मुलांची तबियत असायची आणि आमच्यासारख्या नव्या मास्तरांबद्दल कायमची तकरार असायची. माणूस सरळ होता. शाळेचं नाव खराब होऊ नये एवढीच त्यांची एक धास्ती होती, आणि ती मात्र फार मोठी होती.

तर एके दिवशी जिल्ह्याच्या गावाहून एक प्राध्यापक आले. मानसशास्त्राचे. आमच्याकडे तोवर गुरांचा डॉक्टर आला होता, देवी टोचणारे आले होते, पण मनासाठी कुणी आलेलं नव्हतं. त्यांच्या काखेत सायक्लोस्टाईल केलेल्या कागदांचा गठ्ठा होता. शाळकरी मुलं आतून दुःखी आहेत का, कितपत आहेत, हे त्या कागदांवरून कळणार होतं. कागदाच्या डोक्यावर संशोधनाचं नाव ठळक होतं आणि त्याखाली नुसतंच ‘विद्यापीठ’. कोणतं, ते नाही. जुनं नाव घातलं तर निम्मी गावं कागद फाडतील, नवं घातलं तर उरलेली निम्मी, म्हणून त्यांनी ती जागा कोरी ठेवली होती. मला माणूस हुशार वाटला.

प्रश्न साधेच होते. झोप लागते का. भूक लागते का. खेळावंसं वाटतं का. विनाकारण रडू येतं का. आपण नसतो तर बरं झालं असतं, असं कधी मनात येतं का. समोर हो किंवा नाही. आणि सगळ्यात खाली, मनात असेल ते दोन-तीन ओळींत लिहा. कागदावर कुणी नाव घालायचं नव्हतं.

प्राध्यापकांनी वर्गाला समजावलं की ही परीक्षा नव्हे, यात बरोबर-चूक काही नसतं, जे असेल ते लिहायचं. वर्गानं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. आमच्या मुलांच्या अनुभवात वाटला गेलेला छापील कागद म्हणजे पेपर, आणि पेपर म्हणजे कॉपी. वार्षिक परीक्षेला आमच्या शाळेच्या खिडक्यांना मामे, चुलते, थोरले भाऊ असे लोंबकळत की आत उजेड यायचा नाही. प्राध्यापक चहाला हेडमास्तरांच्या खोलीत गेले आणि मी देखरेख करायची सोडून व्हरांड्यात विडी ओढत उभा राहिलो. तेवढ्यात रस्त्यानं जाणारा एक गृहस्थ खिडकीशी थांबून कितवा प्रश्न अडलाय म्हणून आपुलकीनं चौकशी करू लागला. त्याला मी हाकललं, आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात उरलेली विडी संपवली.

आत काय चाललं होतं ते मला न बघता ठाऊक होतं. पहिल्या बाकावर वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी बसायची. पाचवीपासून पहिला नंबर. तिच्या शेजारी गिरणीवाल्याची मुलगी. ही गिरणीच्या पट्ट्याशेजारी वाढलेली, त्यामुळे हळू बोलणं तिला शिकवलंच नव्हतं. ती पाचवीपासून शेजारणीचं बघून लिहीत आली होती आणि पाचवीपासून पास होत आली होती. तिच्याकडून ते मागच्या बाकावर जायचं, तिथून मुलांच्या रांगेत, आणि शेवटी पैलवानांपर्यंत. पाटाचं पाणी वावरात फिरावं तसं पहिल्या बाकावरचं ज्ञान वर्गभर फिरायचं. पहिल्या नंबरच्या मुलीनं ‘हो’ लिहिलं म्हणजे ‘हो’ बरोबर. एवढा साधा हिशेब.

आठवड्यानं प्राध्यापक परत आले, ते जीप करून. चेहरा लाल. हेडमास्तरांच्या खोलीत दार लावून बसले आणि मला बोलावणं आलं. आत गेलो तर हेडमास्तर टोपी काढून डोकं पुसत होते. प्राध्यापक मात्र, खोटं कशाला सांगू, आनंदात होते. इतकी खोल निराशा त्यांना एका वर्गात कधी सापडली नव्हती. जवळजवळ सगळ्यांना रडू येतं, कुणालाच झोप नाही, आपण नसतो तर बरं असं सगळ्यांना वाटतं. यावर मोठा निबंध होईल, असं ते म्हणत होते.

हेडमास्तर मला म्हणाले, “ह्यो काय मामला हाय? माझ्या मदरशात एवढा गम आला कुठून?”

मी गठ्ठा उचलला. पहिला कागद, दुसरा, तिसरा. खालच्या ओळी वाचल्या आणि माझ्यातला नकलाकार जागा झाला. मी उभा राहिलो. छातीवर हात ठेवला. वर्गातल्या सगळ्यात दांडग्या पैलवानाचा घोगरा आवाज काढला आणि त्याच्या गिचमिड अक्षरातल्या ओळी वाचून दाखवल्या:

“ताई माझी वेणी घालायची. आता माझी मी घालते, ती दिवसभर सुटत राहते. सुटली तरी पुन्हा घालावी वाटत नाही.”

मग दुसऱ्या पैलवानाच्या आवाजात तेच. तिसऱ्याच्या आवाजात तेच, आणि या खेपेला मी आपल्या डोक्यामागे नसलेली वेणी सावरूनही दाखवली. हेडमास्तर आधी गोंधळले, मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ते असे हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कॉपी. नुसती कॉपी. दुःख नाही, काही नाही, आपली नेहमीची कॉपी. शाळेची इज्जत वाचली. प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि एकेका कागदावर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहायला सुरुवात केली. मी बाजूला उभा राहून त्यांना एकेक कागद सरकवून देत होतो. हसू अजून ओसरलं नव्हतं.

आठ-दहा कागद झाले असतील. मग माझा हात थांबला. एवढ्या सगळ्यांनी बघून लिहिलं, तर कुणाचं बघून लिहिलं?

तो कागद गठ्ठ्यात मधेच कुठेतरी होता. अक्षर मी ओळखलं. वळणदार, प्रत्येक शब्दावर सरळ रेघ ओढलेली. त्या पहिल्या नंबरच्या मुलीची थोरली बहीण दुसऱ्या तालुक्यात दिली होती आणि गेल्या दिवाळीनंतर तिकडच्या विहिरीत पडून गेली होती. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. गावानंही तेच म्हटलं आणि मीही. दिवस झाले, आणि तेराव्यानंतर मुलगी शाळेत आली. गणितात पुन्हा पहिली आली. माझ्या नकलांना हसायची. खरं सांगतो, मी तिला हसताना पाहायचो आणि मनात तिच्या नावापुढे बरोबरची खूण करून टाकायचो.

मी कागद पुढे सरकवेपर्यंत प्राध्यापकांनीच तो ओढून घेतला, रेघ मारली, रद्द लिहिलं आणि पुढचा घेतला.

जीप सुटायच्या आधी मी त्यांना गाठलं. म्हटलं, सर, त्यातला एक कागद खरा होता. त्यांनी विचारलं, कोणता? म्हटलं, ज्यावरून बाकीचे झाले तो. वाईट माणूस नव्हता. ते म्हणाले की आमचं काम मोजायचं आहे, औषधाचं नाही. औषध देणारे डॉक्टर औरंगाबादला आहेत. आणि कागदावर नाव नाही, तेव्हा त्यांच्या दृष्टीनं ती मुलगी कोण हे कळायचा मार्गच नाही. मी म्हटलं, मला कळलंय ना. “मग तुम्ही बोला घरच्यांशी,” ते म्हणाले. “मी पंधरा दिवसांनी परत येतो. सगळा वर्ग पुन्हा घेऊ. या वेळी लांब लांब बसवा.”

मी घरच्यांशी बोललो. वडिलांचं किराणा दुकान होतं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मऊ. मला पाहून त्यांनी हात जोडून ‘शरणार्थ’ म्हटलं, पोत्यावर बसवलं, आतून चहा मागवला आणि माझ्या पुढ्यात फुटाणे ठेवले. मला विषयाला हात घालवेना. पाच मिनिटं मी त्यांना मोर्चामुळे एस.टी. कशी अडली याची गंमत सांगितली. तेही हसले. मग मी एकदाचं सांगितलं की मुलीचं मन लागत नाहीये, तिला झोप येत नसावी, एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवलं तर बरं.

त्यांनी धान्याची शेर-पाव मापं उगाच एकात एक ठेवली. विचारलं, “गुरुजी, अभ्यासात मागं पडायलीय का?”

“नाही. पहिली आहे.”

“ताप हाय? खोकला?”

“नाही.”

“मंग डॉक्टरला काय सांगू? कशासाठी आणली म्हणून सांगू?” मग ते खालच्या आवाजात म्हणाले, “एक तर गेली. हिला डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं म्हणून बाहेर कळलं, तर हिला कोण करील, तुमीच सांगा.”

दुकानामागच्या दारात तिची आई चहाची कपबशी घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे, कारण चहावर साय धरली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, असं की आता ती काहीतरी बोलेल असं वाटलं. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं, बशी माझ्या हातात दिली आणि आत गेली. निघताना वडिलांनी मला फुटाण्यांची पुडी बांधून दिली आणि अगदी अदबीनं सांगितलं की या विषयासाठी पुन्हा येऊ नका, बाकी कधीही या, दुकान तुमचंच आहे.

मग मी मला येतं ते केलं. स्नेहसंमेलनाच्या नाटकात तिला राणीचं काम दिलं. माझ्या मताप्रमाणे नाटकानं सगळं बरं होतं. तालमीला ती वेळेवर यायची, संवाद पहिल्या दिवसापासून पाठ, आवाज स्पष्ट. मी दिग्दर्शन करताना विदूषकाचे सगळे चाळे करून दाखवायचो. राणी हसायची जिथं हसायचं लिहिलं होतं तिथं. तालीम संपली की मुकुट काढून ठेवायची, तो नीट कागदात गुंडाळायची आणि कुणाशी न बोलता घरी जायची. एकदा मी विचारलं, बरं वाटतंय ना? ती म्हणाली, हो सर. मी आणखी काय विचारायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि खरं म्हणजे तिनं नाही म्हटलं असतं तर पुढे काय करायचं, हेही मला माहीत नव्हतं. त्यामुळे तिनं हो म्हटलं याचं मला बरं वाटलं. हे लिहिताना आजही लाज वाटते.

पुढचं इथंच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायला जमणार नाही. ती दहावी झाली, केंद्रात पहिली आली, त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. मी अक्षता टाकल्या, जिलेबी खाल्ली, पंगतीत नकलाही केल्या. बऱ्याच वर्षांनी परभणीच्या स्टँडवर दिसली. कडेवर मूल, हातात पिशवी, गंगाखेडची गाडी लागलेली. मला पाहून हसली. कशी आहेस म्हटलं, तर बरी आहे म्हणाली. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. तिच्या ‘बरी आहे’ला मी बरोबरची खूण करावी की नाही, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि आताही येत नाही.

आता दुसऱ्या खेपेचं. प्राध्यापक सांगितल्याप्रमाणे पंधरा दिवसांनी आले. पण आदल्या दिवशी शेवटच्या तासाला हेडमास्तर स्वतः नववीत आले होते. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर प्रश्नांचे आकडे उभे मांडून प्रत्येकापुढे सुरेख अक्षरात ‘नाही’ लिहिलं. झोपेच्या, भुकेच्या आणि खेळाच्या प्रश्नापुढे तेवढं ‘हो’. खालच्या ओळींसाठी मजकूर दिला: मी आनंदी आहे. आमची शाळा चांगली आहे. वर्गानं तो दोनदा मोठ्यानं म्हटला. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. साहेब, असं नका करू, एवढं चार शब्दांचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. हेडमास्तरांचा आवाज काढून मी काहीही बोलू शकत होतो. माझ्या आवाजात मला ते बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना पटांगणात लिंबाखाली बसवलं, प्रत्येकात चांगलं दोन हात अंतर. या खेपेला मी विडीसाठी हललो नाही. रांगांमधून फिरलो. पैलवान मान खाली घालून ‘नाही नाही’ लिहीत होते. पहिल्या नंबरच्या मुलीपाशी आलो तेव्हा मी खाली वाकलो, वही उचलल्याचं निमित्त केलं आणि हळूच म्हटलं की तू तुझं लिही, फळ्यावरचं नको. तिनं वर पाहिलं नाही. पेन थांबलं. मग तिनं उरलेल्या ओळी भरल्या, एका लयीत, प्रत्येक ‘नाही’वर सरळ रेघ ओढत. खाली लिहिलं, मी आनंदी आहे. आमची शाळा चांगली आहे. पूर्णविराम दिला आणि कागद उलटा करून त्यावर दगड ठेवला, उडू नये म्हणून.

प्राध्यापकांनी कागद गोळा केले आणि उभ्याउभ्या चाळले. त्यांचा मोठा निबंध गेला हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण चुकीचं काही सापडलं नाही याचं समाधानही होतं. त्यांनी हेडमास्तरांशी हात मिळवला. म्हणाले, एकंदरीत वर्ग निरोगी आहे. हेडमास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच लस टोचली. मग रिवाजाप्रमाणे त्यांनी मुलांकडे वळून विचारलं, कुणाला काही शंका? हा प्रश्न ते प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी विचारत आणि उत्तराची वाट न पाहता वर्ग सोडून देत. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यावर कुणाला शंका आली नव्हती.

गिरणीवाल्याची मुलगी उभी राहिली. कॉपी कबूल केली तर छड्या मिळतात हे तिला वर्गात सगळ्यात चांगलं माहीत होतं. ओढणीचं टोक तिनं मुठीत पिळून धरलं होतं. शेजारणीनं तिला खाली बसवायला हात लांब केला, पण मधलं अंतर दोन हातांचं होतं. आणि मग ती बोलली, हळू बोलणं येत नव्हतं म्हणून पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात:

“सर, मागच्या येळंला आमी समद्यांनी हिचं बघून लिवलं व्हतं. पण हिनं कुणाचं बघून लिवलं न्हवतं.”